मोठी, मधली, लहान: तीन मापांच्या पायऱ्यांनी बनणाऱ्या स्वरश्रेणींची पार्श्वभूमी

सप्तकातले स्वर चढत्या क्रमाने मांडले की लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराला पायरी म्हणता येते. हार्मोनियमवरच्या शुद्ध सप्तकात अशा पायऱ्या दोनच मापांच्या असतात: पाच मोठ्या आणि दोन लहान. त्यामुळे दोन मापे हीच मूळ स्थिती आणि तीन मापे ही आधुनिक गणितज्ञांनी काढलेली पुढची शाखा, असा समज सहज होतो. इतिहास पाहिला तर तो टिकत नाही, कारण तीन मापांची सप्तके पुरातन आहेत. त्यांची रचना समजावून सांगणारे गणित मात्र अलीकडचे आहे.

ग्रीक सिद्धान्तात चार स्वरांचा गट हा पाया होता. त्याच्या दोन टोकांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर ४/३, म्हणजे सा ते शुद्ध मध्यम एवढे अंतर असे आणि आत तीन पायऱ्या बसत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आर्किटस या ग्रीक गणितज्ञाने या पायऱ्या २८/२७, ८/७ आणि ९/८ अशा मांडल्या. म्हणजे तिन्ही वेगळ्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने नोंदवलेल्या एका प्रकारात त्या १६/१५, ९/८ आणि १०/९ आहेत. असे दोन गट ९/८ या अंतराने जोडले की सप्तक पूर्ण होते आणि त्यात ९/८ तीनदा, १०/९ दोनदा, १६/१५ दोनदा येते. सेंटमध्ये (सप्तकाचे १२०० समान भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट) ही मापे अनुक्रमे सुमारे २०४, १८२ आणि ११२ होतात. इटलीत संगीतसिद्धान्तकार जोसेफो झार्लिनोने १५५८ मध्ये हीच विभागणी आदर्श म्हणून पुढे आणली. सा पासून तिचा क्रम मोठी, मधली, लहान, मोठी, मधली, मोठी, लहान असा आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातली मांडणी गुणोत्तरांची नसून श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक अंतरांची आहे. बावीस श्रुतींच्या सप्तकात चतुःश्रुतिक, त्रिश्रुतिक आणि द्विश्रुतिक अशी तीन प्रकारची स्वरांतरे येतात, आणि त्यांची संख्याही तीन, दोन, दोन अशीच आहे. भरताच्या दोन मूळ स्वररचनांपैकी (ग्रामांपैकी) षड्जग्रामात षड्जापासून ४, ३, २, ४, ४, ३, २ असा क्रम आहे. प्रत्येक स्वराच्या श्रुती त्याच्या खालच्या बाजूला मोजल्या जातात, म्हणून पहिले चार हे निषाद ते षड्ज हे अंतर होय. दुसऱ्या, म्हणजे मध्यमग्रामात पंचम एका श्रुतीने खाली येतो आणि क्रम ४, ३, २, ४, ३, ४, २ असा होतो. चार श्रुती म्हणजे ९/८, तीन म्हणजे १०/९ आणि दोन म्हणजे १६/१५ ही जुळणी नंतरच्या अभ्यासकांची आहे आणि ती भरताच्या तोंडी घालणे योग्य नाही. तरीही मोठी, मधली, लहान एवढाच क्रम पाहिला, तर निषादापासून वाचलेला मध्यमग्राम आणि सा पासून वाचलेली झार्लिनोची श्रेणी यांत एका पायरीचाही फरक नाही. मला ही गोष्ट या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते.

मग युरोपात तिसरे माप मागे का पडले? ९/८ आणि १०/९ यांच्यातला फरक ८१/८०, म्हणजे सुमारे २१.५ सेंट, एवढा बारीक आहे. कळफलकाच्या वाद्यांवर पंचम थोडा उतरवून हा फरक पुसून टाकण्याची पद्धत सोळाव्या शतकात रुळली आणि मोठी व मधली पायरी एक झाली. पुढे आलेल्या समान अंतरांच्या बारा स्वरांतही ती एकच राहिली.

विसाव्या शतकातला सिद्धान्त त्यामुळे दोन मापांपासूनच सुरू झाला. एकच अंतर पुन्हा पुन्हा रचून मिळालेले स्वर एका सप्तकात आणले, तर पायऱ्यांची मापे कधीही तीनांपेक्षा जास्त होत नाहीत. गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउसचे हे अनुमान १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हेरा शोश आणि इतरांनी सिद्ध केले. पंचमाच्या साखळीत पाच, सात आणि बारा स्वरांवर मापे दोनच राहतात. सहा स्वरांवर ती तीन होतात खरी, पण त्यांतले सर्वांत मोठे माप उरलेल्या दोघांची बेरीज असते, त्यामुळे ते स्वतंत्र नव्हे. अशा दोन मापांच्या श्रेणींचा विचार संगीतसिद्धान्तकार एर्व्ह विल्सनने १९७५ च्या सुमारास केला, आणि नॉर्मन केरी व डेव्हिड क्लॅम्पिट यांनी १९८९ मध्ये त्यांना ‘सुघटित’, म्हणजे एकाच अंतराच्या साखळीतून मिळणाऱ्या आणि दोन्ही मापे शक्य तितकी समान पसरलेल्या, ठरवणारी व्याख्या दिली.

खऱ्याखुऱ्या तीन मापांसाठी एक साखळी पुरत नाही. क्लॅम्पिटने १९९७ मध्ये कसोटी मांडली ती अशी: तीन मापांपैकी कोणतीही दोन एकच मानली, तरी उरणारी दोन मापांची श्रेणी प्रत्येक वेळी सुघटित असली पाहिजे. मध्यमग्रामाचा क्रम तिन्ही वेळा या कसोटीला उतरतो. षड्जग्रामाचा क्रम मधली आणि लहान पायरी एक मानताच अडतो, कारण दोन मोठ्या पायऱ्या शेजारी येतात आणि बाकीच्या चार लहान दोन-दोनच्या जोड्यांत अडकतात. हाच फरक दुसऱ्या रीतीनेही दिसतो. एक स्वर वगळून पुढच्या स्वरापर्यंतची अंतरे मोजली, तर मध्यमग्रामात ती ५, ६ आणि ७ श्रुतींची निघतात. षड्जग्रामात ८ श्रुतींचे चौथे अंतर वाढते.

रचना करण्याची रीत त्या मानाने सोपी आहे. झार्लिनोच्या श्रेणीत ५/४ आणि ६/५, म्हणजे शुद्ध आणि कोमल गांधाराची अंतरे, आळीपाळीने रचायची: म, ध, सा, ग, प, नी, रे. ही साखळी सहा दुव्यांनंतर रे वर थांबते, आणि रे ते वरचा ध हे अंतर ३/२ न राहता ४०/२७, सुमारे ६८० सेंट, एवढे तोकडे पडते. वरच्या जुळणीत झार्लिनोचे रे आणि ध म्हणजे मध्यमग्रामाचे षड्ज आणि पंचम. भरताच्या हिशेबात संवादासाठी, म्हणजे दोन स्वरांचा मेळ बसण्यासाठी, नऊ किंवा तेरा श्रुती लागतात. मध्यमग्रामात षड्ज-पंचमात बाराच उरतात, म्हणून तिथे पंचमाचा संवाद नऊ श्रुतींवरच्या ऋषभाशी सांगितला आहे.