उजेडाची डागडुजी

कोकणातल्या कौलारू घरात एखादं काचेचं कौल हमखास असतं. त्यातून उतरणारा कवडसा सकाळी भिंतीवर असतो, दुपारी जमिनीवर. बघायला छान, पण त्यात पुस्तक धरून बसा: अर्धं पान डोळे दिपवतं, अर्धं अंधारात जातं. आल्वार आल्टो या फिनिश वास्तुकारानं एका ग्रंथालयाच्या छताला अशी ५७ गोल भोकं ठेवली आणि एकातूनही कवडसा आत येणार नाही याची तजवीज केली.

हे ग्रंथालय १९३५ साली व्हीपुरी शहरात उघडलं. शहर तेव्हा फिनलंडचं होतं. वाचनाच्या मुख्य दालनाच्या भिंतींना खिडक्याच नाहीत. उजेड येतो तो वरूनच. प्रत्येक झरोका सुमारे १.८ मीटर रुंद, आणि आत नरसाळ्यासारखा खोल. व्हीपुरी इतकं उत्तरेला आहे की ऐन जूनमध्येही तिथला सूर्य क्षितिजापासून ५३ अंशांच्या वर चढत नाही. आल्टोनं नरसाळ्याची खोली या हिशेबानं ठरवली. तिरपा किरण आधी पांढऱ्या आतल्या भिंतीवर आपटतो, विखुरतो आणि मगच खाली येतो. असा मऊ उजेड एकाच वेळी अनेक झरोक्यांतून पानावर पडतो, त्यामुळे हाताची ठळक सावलीसुद्धा उमटत नाही. (हेच छत पुण्यात बांधलं तर मे महिन्यात, सूर्य ऐन डोक्यावर येतो त्या शून्य सावलीच्या दिवशी, टेबलांवर ५७ लखलखीत चकत्या पडतील. आधुनिक वास्तुकला म्हणजे कुठेही उचलून ठेवता येणारा ठोकळा, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.)

चर्चेच्या सभागृहाचं लाकडी छतही असंच हिशेबी. ते लाटांसारखं वरखाली होत जातं. सभागृह लांबट आहे आणि चर्चेत कोण कुठून बोलेल याचा नेम नाही. छतावरून परतलेला आवाज थेट आवाजानंतर साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत कानी पडला, तर आपला मेंदू दोन्ही एकच धरतो आणि शब्द ठसठशीत ऐकू येतो. त्याहून फार उशीर झाला की घुमारा होतो. लाटेचा आकार हे काम करतो, नुसती शोभा नाही.

दुसऱ्या महायुद्धात शहर सोव्हिएत रशियाकडे गेलं. फिनिश रहिवासी घरंदारं सोडून निघून गेले. व्हीपुरीचं नाव व्हिबोर्ग झालं. इमारत युद्धातून बऱ्यापैकी वाचली होती; पुढची दहा वर्षं रिकामी पडून राहिली, आणि खरी नासधूस तेव्हा झाली. लाटांचं छतही त्यात गेलं. १९६१ पर्यंत सोव्हिएत वास्तुकारांनी ती दुरुस्त करून पुन्हा ग्रंथालय सुरू केलं. त्या दुरुस्तीला नंतर बरीच नावं ठेवली गेली, पण ती झाली नसती तर पुढे जपायला काही उरलंच नसतं.

गळती मात्र थांबेना. सपाट गच्ची, तिला ५७ भोकं, वर बर्फ. वॉटरप्रूफिंगसाठी दर पावसाळ्याआधी वर्गणी काढणाऱ्या सोसायटीला यातली मेख सांगायला नको. तिथे आणखी दोन शत्रू आहेत. फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फट रुंदावतं. शिवाय आतली उबदार, दमट हवा वर चढते आणि थंडगार काचेला लागून तिचं पाणी होतं, म्हणजे पाऊस नसतानाही थेंब पुस्तकांवर. काँक्रीटचं दुखणं वेगळंच. ताज्या काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून ती अल्कली मारतो, सळई गंजते, गंज फुगतो आणि पोपडे निघतात.

विसाव्या शतकातल्या अशा इमारती जुन्या देवळांइतक्या पूज्य नाहीत आणि नव्या टॉवरइतक्या सोयीच्याही नाहीत. त्यामुळे त्यांचा वाली कोण, हा प्रश्न युरोपभर होता. १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनला ह्यूबर्ट-यान हेंकेट आणि वेसेल डी योंग या वास्तुकारांनी त्यासाठी 'डोकोमोमो' ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. व्हिबोर्गची अडचण तर मुलखावेगळी: इमारत रशियात आणि आल्टोची मूळ रेखाचित्रं फिनलंडमध्ये. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, फिनलंडमध्ये या ग्रंथालयासाठी समिती स्थापन झाली. रशियन सहकाऱ्यांबरोबर एकेक भाग हाती घेऊन, पैसे येतील तसं काम चाललं. छप्पर, झरोके, जिन्याची काचेची भिंत, आणि जुन्या रेखाटनांबरहुकूम पुन्हा उभारलेलं लाटांचं छत. २०१० मध्ये रशियन सरकारनं मोठा निधी दिला आणि २०१३ मध्ये काम पुरं झालं. पुढच्या वर्षी 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड'चा आधुनिक वास्तूंसाठीचा पुरस्कारही मिळाला.

मला यातलं आवडतं ते हे की शेवटी जपलं काय, तर एका विशिष्ट कोनातून न येणारं ऊन.

डागडुजी अर्थात कायमची संपत नाही. काचेभोवतीच्या सांध्यांतला भराव काही दशकांत कडक होऊन तडकतो, तो बदलावा लागतो. पण रेखाचित्रं आणि इमारत यांच्यामधली वाटच अडली: हेलसिंकीहून व्हिबोर्गला थांबणारी रेल्वे मार्च २०२२ मध्ये बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये फिनलंडनं रशियाच्या सीमेवरचे रस्त्यांचे नाकेही बंद केले.