"विंडोज कुठली मारू?" या प्रश्नामागची चाळीस वर्षं

बेळगावात असेंबल्ड मशीन बांधून घेताना दुकानदाराचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "विंडोज कुठली मारू?" आता निपाणी-खानापूरची पोरंही उलट विचारतात, "विंडोजच कशाला?" त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन गेम अजून नीट ओढतं, पण विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. चालतं मशीन केवळ एवढ्यासाठी बाद का करायचं, ही पोरांची तक्रार मला रास्त वाटते. पण गेम आणि विंडोज यांची गाठ कशी पडली हे कळल्याशिवाय ती सोडवता येत नाही.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात अशी गाठ नव्हती. गेम सुरू झाला की सगळं मशीन त्याच्या ताब्यात जायचं, तो थेट व्हिडिओ कार्डाशी आणि साउंड कार्डाशी बोलायचा. त्याची किंमत खेळणाऱ्याने मोजायची. रॅम कितीही असो, मूळ मेमरी ६४० केबीच. माउस, साउंड आणि सीडीचे ड्रायव्हर त्यातलाच तुकडा तोडायचे. मग मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या दोन फाइलींत ओळी खाली-वर करत बसायचं, नाहीतर एकेका गेमसाठी मशीन सुरू करायची वेगळी बूट फ्लॉपी ठेवायची. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचे सेटिंगचे आकडे तर लोकांना पाठ होते, पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. एक आकडा चुकला की गेम मुका.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आली तेव्हा गेम बनवणारे तिच्याकडे फिरकायला तयार नव्हते. मधे विंडोज आली की वेग मरतो, हा त्यांचा अनुभव होता. तो अविश्वास मोडायला मायक्रोसॉफ्टने त्याच सप्टेंबरमध्ये डायरेक्टएक्स हा गेम आणि कार्ड यांच्यामधला दुवा काढला. गेमने डायरेक्टएक्सला सांगायचं, कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, पुढचं ड्रायव्हर बघेल. आयआरक्यूची कटकट संपली. शंका घेणाऱ्यांना दाखवायला म्हणून 'डूम' हा गाजलेला गेम विंडोजवर आणला गेला, आणि त्या कामाचं नेतृत्व तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये असलेल्या गेब न्यूएल यांच्याकडे होतं. हे नाव पुढे पुन्हा येतं.

आमच्याकडे खरी धमाल विंडोज एक्सपीची. ती ऑक्टोबर २००१ ची. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात आलं होतं. अभियांत्रिकीच्या पोरांनी भरलेल्या सायबर कॅफेंत आणि होस्टेलांत काउंटर स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा गेम रात्र-रात्र चालायचा. एक्सपी टाकणं हा एक विधीच होता: निळा पडदा, एफ८ दाबून करार मान्य, पंचवीस अक्षरांची की. साटा या नव्या जोडणीची हार्डडिस्क दिसली नाही तर सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा. हे जमणाऱ्या पोराला गल्लीभर मान होता.

इथे एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या भागाचीच आहे. देवनागरी विंडोज २००० पासूनच होती, कन्नड एक्सपीत आली. दोन्ही चालवायच्या तर रिजनल सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा सीडी घालावी लागे. मग मराठीला मंगल आणि कन्नडला तुंगा हे फाँट उठायचे. भारतीय लिप्यांच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर क ची कळ दोन्ही लिप्यांना एकच. दिवसा मराठी पत्र, कन्नड अर्ज आणि रात्री गेम, असं सगळं एकाच मशीनवर चाले. घरात एकच कॉम्प्युटर असायचा ना.

एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये डायरेक्टएक्स १० फक्त स्वतःपुरतं ठेवलं, तरी लोक एक्सपीवरच राहिले आणि २००९ नंतर विंडोज ७ वर गेले. खरं वळण २०१२ चं. विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचं ॲपचं दुकान उघडलं. तोवर गेब न्यूएल यांची व्हॉल्व्ह ही कंपनी स्टीम या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात गेम विकून मोठी झाली होती. उद्या विंडोजचं दार दुसऱ्यांच्या दुकानांना बंद झालं तर, ही भीती त्यांनी उघड बोलून दाखवली. २०१३ मध्ये स्टीम लिनक्स या विंडोजला पर्याय असलेल्या मुक्त प्रणालीवर आलं, २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी स्टीम मशीन आली आणि आपटली. लिनक्ससाठी वेगळा गेम कोण बनवणार?

उत्तर सापडलं ते दुभाष्याचं. वाईन हा प्रकल्प १९९३ पासूनच विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने त्यावर प्रोटॉन उभारलं. त्यातलं डीएक्सव्हीके डायरेक्टएक्सची मागणी व्हल्कन या लिनक्सला कळणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत करून सांगतं. बेळगावच्या बाजारात गिऱ्हाईक कन्नडात भाव विचारतं, दुकानदार आत मराठीत माल मागतो आणि उत्तर पुन्हा कन्नडात देतो, तसंच हे. नवा शब्द पहिल्यांदा आला की दुभाषा क्षणभर अडतो. गेममध्ये त्यालाच शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, बनतानाचा झटका म्हणतात. २०२२ चं व्हॉल्व्हचं हातात धरायचं स्टीम डेक याच जोरावर चाललं, आणि आज एकट्याने खेळायचे बहुतेक गेम लिनक्सवर चालतात.

अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणाऱ्या प्रोग्रामपाशी. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसतं, तिथे दुभाष्याला प्रवेशच नाही. २०२४ मध्ये एपेक्स लेजेंड्सने लिनक्स बंद केलं, जीटीए ऑनलाइनही बॅटलआय हे अँटी-चीट आल्यानंतर तिथे अडलं. आपल्याकडच्या पोरांचा जीव नेमका याच गेमांत असतो. म्हणून व्हॅलोरंट खेळणाऱ्याला मी लिनक्सकडे ढकलत नाही.

विंडोज ११ टाकायची असेल तर आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डची मूळ सेटिंग, उघडून बघा. टीपीएम नाही असं वाटणाऱ्या कित्येक मशीनवर ते इंटेल पीटीटी किंवा एएमडी एफटीपीएम या नावाने नुसतं बंद असतं. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल तर सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीसाठी ती जीपीटी या नव्या मांडणीची करावी लागते. काटछाट केलेली 'गेमिंग एडिशन' कुणी पेनड्राईव्हवर दिली तर घेऊ नका. त्यात डिफेंडर हा विंडोजचा अँटीव्हायरस आणि अपडेट बऱ्याचदा काढून टाकलेले असतात, आणि २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस अपडेट न घेतलेल्या मशीनवरच पसरला. लिनक्ससाठी एएमडीचं कार्ड सोपं, एनव्हिडियाला ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. दोन्ही ठेवायच्या तर दोन एसएसडी घ्या, आधी विंडोज टाका, मग तिची डिस्क सोडवून ठेवून दुसरीवर लिनक्स टाका. आणि खानापूरकडे पावसाळ्यात बायोस अपडेट करायचं असेल, तर यूपीएस लावल्याशिवाय सुरू करू नका. मधेच लाईट गेली तर मदरबोर्ड जाऊ शकतो.