लाल ओळ दिसली की ‘पूर्ण’ दाबू नका

नियतकालिकांचे सुटे अंक खंडांत बांधून घ्यायला ग्रंथालयं आमच्याकडे पाठवतात; एका वेळी येणारे सगळे गठ्ठे म्हणजे एक लॉट. त्याची यादी भरायला आमचा बाइंडिंगचा प्रोग्राम वापरणाऱ्या ग्रंथालयांकडून वर्षभर फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: “लॉट भरला, पण गठ्ठ्याची चिठ्ठी छापत नाही. लाल ओळ येते. ती घालवायची कशी?” मार्चमध्ये कॉलेजांची स्टॉक तपासणी आणि उरलेलं बजेट संपवण्याची घाई एकदम येते, तेव्हा तर दुसरं कामच सुचत नाही. फोनवर अर्धी गोष्ट सांगायची राहते, म्हणून हे पत्रक छापलं. कॉम्प्युटरशेजारी ठेवावं.

लॉट कसा उघडायचा, नियतकालिक यादीतून कसं निवडायचं, दाखल क्रमांक कुठे टाकायचा हे आपल्याला येतंच. ते इथे पुन्हा सांगत नाही.

लाल ओळ आली म्हणजे प्रोग्राम बिघडला असं नव्हे. त्या नियतकालिकाच्या कार्डावर आपणच भरलेलं असतं की हे मासिक आहे, वर्षाला १२ अंक. यंदा आपण ११ भरले. प्रोग्राम एवढंच विचारतो की बारावा कुठे आहे. त्याला उत्तर हवं असतं. पण पडद्याच्या खाली ‘पूर्ण’ असं बटण असतं आणि हात तिकडे जातो. ते दाबलं की लाल ओळ जाते, चिठ्ठी छापली जाते, गठ्ठ्याला सुतळी लागते आणि तो आमच्या टेम्पोत चढतो. खरं तर ‘पूर्ण’ दाबणं म्हणजे ग्रंथपालांनी सही करून सांगणं, की अंक मोजले, एकही कमी नाही.

आमच्याकडे गठ्ठा सुटतो तो पहिल्या टेबलावर. तिथला कारागीर पिना काढण्याआधी अंक चिठ्ठीशी ताडून पाहतो. चिठ्ठीवर १२, हातात ११. तो गठ्ठा बाजूला ठेवतो आणि आम्ही आपल्याला फोन करतो. ज्यांनी लॉट भरला त्या मॅडम रजेवर असतात, किंवा परीक्षेच्या ड्यूटीवर. हरवलेला अंक गठ्ठा बांधताना तिकडेच राहिला, वाटेत पडला, की मुळात आलाच नव्हता, हे कोणालाच सांगता येत नाही. तोवर तो गठ्ठा पडून राहतो आणि त्याच्याबरोबर अख्खा लॉट.

“बाकीचे खंड तरी पाठवून द्या” असं पुष्कळ जण म्हणतात. आम्ही पाठवत नाही, याचा काहींना राग येतो. कारण असं आहे की लॉट एका चलानावर येतो आणि त्याच चलानावर परत जातो. आपणही तो एका बैठकीत ताडून घेता आणि आपल्या यादीतली ‘बाइंडिंगला गेले’ ही नोंद एकदम उतरवता. अर्धे खंड आज, चार पुढच्या आठवड्यात, एक दिवाळीनंतर असं सुरू झालं की त्या एकाचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. बाइंडरकडे खंड हरवला, असं जेव्हा ऐकू येतं, तेव्हा त्यामागे बहुधा असा तुकड्यातुकड्यांनी परत गेलेला लॉट असतो. म्हणून या बाबतीत आम्ही हट्टी आहोत आणि राहणार.

याहून वाईट प्रकार हुशार लोकांच्या हातून होतो. ते ‘पूर्ण’ दाबत नाहीत, थेट कार्डावर जाऊन १२ चे ११ करतात. लाल ओळ कायमची गेली! आता चिठ्ठीवर ११ आणि गठ्ठ्यातही ११, त्यामुळे आमच्या पहिल्या टेबलावर काहीच अडत नाही. खंड शिवला जातो, कडा कापल्या जातात, रेक्झिन चढतं, पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘जानेवारी–डिसेंबर’ उमटतं. मग दोन महिन्यांनी प्रकाशकाकडून तो राहिलेला अंक टपालाने येतो. चिठ्ठीसोबत फोन: “हा एवढा आत घालून द्या ना.”

‘एवढा आत घालणं’ म्हणजे काय, ते सांगतो. पुठ्ठा उतरवायचा, पाठीवरचा सरस खरवडायचा, शिलाई उसवायची, अंक जागेवर लावायचा, पुन्हा शिवायचं आणि पुन्हा तिन्ही कडा कापायच्या, कारण नवा अंक बाकीच्यांपेक्षा बाहेर आलेला असतो. प्रत्येक कापणीत दोन-तीन मिलिमीटर कागद जातो. गुळगुळीत कागदावरची जर्नल्स आजकाल शिवलेली नसतात, नुसती पाठीला चिकटवलेली असतात. त्यांची पाठ आधीच एकदा कापून बाजूने शिलाई घातलेली असते आणि त्या शिलाईत आतल्या समासाचा जवळपास सेंटिमीटरभर भाग गेलेला असतो. दुसऱ्यांदा तेच केलं की ओळीची पहिली अक्षरं शिलाईखाली जातात. वाचक खंड उघडून दाबतो, पाठ तडकते, आणि नाव बाइंडरचं खराब होतं.

पटत नसेल तर आपल्याच कपाटातल्या जुन्या फायली काढून पाहा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणून बडोद्यात ग्रंथालयांचं खातं उभं केलं. त्यामुळे आपल्या शहरात मराठी, गुजराती, इंग्रजी नियतकालिकं जपून ठेवायची रीत जुनी आहे. त्या फायलींत दोन-दोनदा बांधलेले खंड सापडतात. कडेच्या टिपा अर्ध्या कापलेल्या, वरचे पृष्ठांक गायब. त्यात कागद जुना असेल तर कोपरा दोनदा दुमडला तरी तुटतो. अशा खंडाला पुन्हा कटिंग मशीनखाली घालायला आम्ही नाही म्हणतो. पैसे दिले तरी.

आता लाल ओळीला खरं उत्तर कसं द्यायचं ते.

मराठी मासिकांच्या बाबतीत दहातल्या नऊ वेळा उत्तर दिवाळी अंकात असतं. पुष्कळ मासिकं ऑक्टोबर-नोव्हेंबरचा मिळून एकच दिवाळी अंक काढतात. मुखपृष्ठाच्या आत बारीक अक्षरांत ‘अंक १०-११’ छापलेलं असतं. आपण तो ‘१०’ म्हणून भरता, प्रोग्राम अकरावा मागत राहतो. इथे ‘पूर्ण’ दाबायचं नाही आणि कार्डालाही हात लावायचा नाही. अंकाच्या ओळीत ‘जोडअंक’ या चौकटीवर टिक करायची, शेजारी १० आणि ११ असे दोन वेगळे आकडे टाकायचे. लाल ओळ आपोआप जाते, आणि पुढच्या वर्षी मासिकाने दोन अंक वेगळे काढले तरी काही अडत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंकांची प्रथा आहे, तेव्हा प्रोग्रामलाही तिची सवय लावावी लागली. दिवाळी अंकाचा आकार नेहमीच्या अंकापेक्षा मोठा असेल तर चिठ्ठीवर तेही लिहा. नाही तर लहान अंकांच्या मापाने कडा कापताना त्याचा मजकूर जाईल. असा अंक आम्ही वेगळा बांधून त्याच खंडाचा ‘भाग २’ म्हणून पाठीवर घालतो, पण ते आपण सांगायचं, आम्ही ठरवायचं नाही.

साप्ताहिकांतही हे चालतं. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ पुष्कळ कॉलेजं घेतात. त्यात अधूनमधून ‘अंक २६-२७’ असा एकत्र अंक येतो आणि मग ५२ भरायला बसलेला माणूस चक्रावतो. तिथेही जोडअंकच. या साप्ताहिकाचा वर्षाला एकच खंड असतो, पण तो एका पुठ्ठ्यात बांधायचा हट्ट धरू नका. पाच-सहा सेंटिमीटरच्या वर जाडी गेली की पाठ भार सोसत नाही. तीन किंवा चार महिन्यांचे भाग पाडा. भाग पाडले की प्रोग्राम प्रत्येक भागाची स्वतंत्र चिठ्ठी काढतो.

कधी चूक प्रकाशकाची असते. मे आणि जून दोन्ही अंकांवर ‘५’ छापलेलं, ‘६’ कुठेच नाही. अशा वेळी अंकाचा महिना खरा धरायचा आणि शेरा लिहायचा: ‘जून अंकावर क्रमांक चुकीचा’. पुढच्या पिढीतला ग्रंथपाल आपल्याला दुवा देईल. वार्षिक सूची हा वेगळा प्रश्न. ती अंक नाही, तिला क्रमांक नसतो, आणि बऱ्याचदा ती पुढच्या वर्षाच्या पहिल्या-दुसऱ्या अंकासोबत येते. डिसेंबर संपला की लगेच लॉट पाठवण्यापेक्षा फेब्रुवारीपर्यंत थांबा, सूची हातात येऊ द्या. आम्ही ती खंडाच्या सुरुवातीला लावतो.

हे सगळं पाहूनही अंक नसेलच, तर तो खरोखर हरवला आहे. त्यासाठी ‘पूर्ण’च्या शेजारीच आणखी दोन बटणं आहेत, ती आजवर फार थोड्यांनी वापरली. अंक येण्याची आशा असेल तर ‘थांबवा’. तो खंड लॉटमधून निघून आपल्या यादीत पडून राहतो, बाकीचा लॉट पुढे सरकतो. प्रकाशकाला लिहायचं पत्रही प्रोग्राम तयार करून देतो, आपण फक्त सही करायची. फार दिवस लावू नका, जुने अंक प्रकाशकाकडेही संपतात. आशा नसेल तर ‘खंडित’. मग आम्ही हरवलेल्या अंकाच्या जागी कागदाच्या पट्ट्या शिवतो, पाठीवर ‘अंक ४ नाही’ असं उमटवतो आणि आत तशी चिठ्ठी लावतो. पुढे कुठल्या दुसऱ्या ग्रंथालयातून त्या अंकाची झेरॉक्स मिळाली, तर ती त्या पट्ट्यांना चिकटवता येते, खंड उसवावा लागत नाही. पट्ट्यांचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही. उसवून पुन्हा बांधायचे मात्र नव्या बांधणीइतके लागतात, कारण काम त्याहून जास्त असतं.

एक्सेलमधून यादी चढवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एक्सेलमध्ये ‘७-८’ लिहून एंटर दाबलं की तो त्याची तारीख करून टाकतो, सात ऑगस्ट किंवा आठ जुलै, जशी आपल्या मशीनची सेटिंग असेल तशी. मग आमच्याकडे अंकाच्या जागी तारीख येते आणि पुन्हा लाल ओळ. यादी भरण्याआधी तो कॉलम निवडून ‘टेक्स्ट’ करून घ्या. नंतर करून उपयोग नाही, आकडा तोवर गेलेला असतो. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली नावं पाठवू नका, ती इथे अगम्य चिन्हं होऊन येतात. युनिकोडमध्येच हवीत. जुनी यादी मोठी असेल तर आम्हाला द्या, बदलून देऊ.

पाठीवरचं नाव, रंग, अक्षरांचा आकार हे नियतकालिकाच्या कार्डात एकदाच ठरतं आणि मागच्या खंडाशी जुळतं. म्हणून त्याच मासिकाचं संक्षिप्त नावाने दुसरं कार्ड उघडू नका. नाही तर कपाटात दहा हिरवे खंड आणि मध्येच एक लाल.

प्रोग्रामचे पैसे किती, असं नवीन लोक विचारतात. बाइंडिंगचं काम आमच्याकडे देणाऱ्या ग्रंथालयांना तो असाच मिळतो, वर्षाची फी नाही. आपल्याकडे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर म्हणून इन्फ्लिबनेटचं सोल असो किंवा कोहा, तिथून नियतकालिकांची यादी एक्सेलमध्ये काढून इथे चढवता येते. दोनदा टाइप करायला नको. लॉट गेला की कोहामध्ये त्या प्रतींवर ‘नॉट फॉर लोन’ची नोंद ठेवा, म्हणजे वाचक काउंटरवर येऊन भांडत नाही. आणि यादी आपलीच आहे. उद्या आपण दुसऱ्या बाइंडरकडे गेलात, तरी पाठीच्या मजकुरासकट सगळी कार्डं उतरवून नेता येतील. अडवून ठेवलेला ग्राहक आम्हाला नको.

दिवसांचं पाहून घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट हवेत सरस वाळायला वेळ लागतो, त्यामुळे त्या दिवसांत लॉटला एक आठवडा जास्त धरा. नवरात्रात कारागीर गरब्याहून पहाटे परततात, कारखाना दुपारी सुरू होतो. उत्तरायण (मकरसंक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, दोन्ही दिवस पूर्ण बंद. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असेल तर दोन महिने आधी सांगा, आदल्या आठवड्यात नको.

नवीन रुजू झालेल्या ग्रंथपालांना प्रोग्राम दाखवायला आमचा माणूस आपल्याकडे येतो. रावपुरा, दांडिया बाजार, प्रतापगंज, फतेगंज या भागांत कुठल्याही शनिवारी, बाहेरगावी टेम्पो येईल त्या दिवशी. त्या वेळी ज्या नियतकालिकांना लाल ओळ येते त्यांचे अंक काढून ठेवा, समोरच भरून देऊ.