आभार (जपानी भाषा व संस्कृती)

उपकाराची जाण दाखवण्यासाठी जपानी भाषेत व समाजात वापरले जाणारे शब्द, व्याकरणरूपे आणि चालीरीती. यांतला ‘आरिगातो’ हा शब्द जगभर माहीत झाला आहे; पण जपानी माणूस दिवसभरात जे आभार मानतो, त्यांतले कितीतरी या शब्दावाचूनच मानतो.

‘आरिगातो’चे मूळ ‘आरिगाताशी’ या जुन्या विशेषणात आहे. ‘आरि’ म्हणजे असणे आणि ‘काताशी’ म्हणजे कठीण. असणे कठीण ते आरिगाताशी. मराठीत सरळ ‘दुर्लभ’ म्हणावे. ८व्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात हा शब्द याच अर्थाने येतो. इ. स. १०००च्या सुमारास सेइ शोनागोन या दरबारी लेखिकेने अशा दुर्लभ गोष्टींची एक खट्याळ यादी केली. सासऱ्याने वाखाणलेला जावई, सासूची लाडकी सून, केस नीट उपटणारा चांदीचा चिमटा आणि धन्याची निंदा न करणारा नोकर तिला दुर्लभ वाटतात. इथे आभाराचा मागमूसही नाही. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली दुर्लभ ते मोलाचे, देवाबुद्धाच्या कृपेने लाभलेले, असा अर्थ सरकत गेला आणि त्यातून आजचा आभारवाचक शब्द तयार झाला. त्याआधी आभारासाठी ‘काताजिकेनाइ’ हा शब्द रूढ होता. आज तो सामुराईंच्या चित्रपटांतच भेटतो.

‘आरिगातो’ हा पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’चा अपभ्रंश आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. गोव्यात तो पोर्तुगीज शब्द कानावर पडलेल्याला हे चटकन पटतेही. परंतु पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये, आणि शब्द त्याच्या कितीतरी शतके आधीचा. हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.

मित्राला नुसते ‘आरिगातो’ चालते. परक्याला किंवा वडीलधाऱ्याला ‘आरिगातो गोझाइमास’ म्हणावे लागते, आणि काम पुरते उरकल्यावर भूतकाळी ‘गोझाइमाश्ता’. आधी ‘दोमो’ जोडला की आभार गडद होतात. घाईत एकटा ‘दोमो’देखील भागवून नेतो. ओसाका-क्योतोकडचा दुकानदार ‘ओकिनी’ म्हणतो. हा मुळात ‘फार’ या अर्थाचा शब्द; त्याच्या पुढचा ‘आरिगातो’ गळून पडला. इझुमो भागात ‘दानदान’, तर ओकिनावात ‘निफे देबिरु’.

परकीयांना कोड्यात टाकणारा शब्द मात्र ‘सुमिमासेन’. कोशात त्याचा अर्थ ‘माफ करा’ असा सापडतो. तरी कोणी पडलेला रुमाल उचलून दिला, गाडीत जागा दिली, की जपानी माणसाच्या तोंडून हाच शब्द निघतो. ‘सुमु’ म्हणजे संपणे, मिटणे. ‘सुमिमासेन’ म्हणजे हे एवढ्यावर मिटत नाही. तुम्हाला तोशीस पडली आणि तिची फेड माझ्याकडून झालेली नाही, ही टोचणी त्यात आहे. मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोई यांनी अमेरिकेतला आपलाच प्रसंग नोंदवला आहे. वरिष्ठाने दाखवलेल्या मेहेरबानीबद्दल आभार मानताना त्यांच्या तोंडून इंग्रजीत दिलगिरीचे शब्द गेले, आणि समोरचा गृहस्थ दिलगिरी कशाबद्दल म्हणून बुचकळ्यात पडला. मराठी वाचकाला हे तितके परके वाटू नये. आपल्या पुस्तकांच्या सुरुवातीलाही ‘ऋणनिर्देश’ असतोच, आणि ‘आभार’ या शब्दात तर ‘भार’ आहे. फरक इतकाच की आपण ते ऋण समारंभापुरते आठवतो. जपानीत ते रुमालापाशीही आठवते.

या ऋणाला ‘ओन’ म्हणतात आणि त्याच्या फेडीला ‘ओनगाएशी’. जाळ्यातून सोडवलेली क्रौंची स्त्रीरूपाने येऊन आपल्याच पिसांचे कापड विणून देते, ही लोककथा त्याच नावाने ओळखली जाते.

आभार व्याकरणातही मुरलेले आहेत. ‘त्याने शिकवले’ एवढेच जपानीत म्हटले तर कोरडे, जवळजवळ कृतघ्न वाटते. माझ्यासाठी कोणी काही केले, तर मुख्य क्रियापदाला ‘कुरेरु’ (मला देणे) किंवा ‘मोराउ’ (मिळणे) जोडतात. मराठीतल्या ‘करून दिले’, ‘करून घेतले’ यांच्याशी हे जुळते. पण ‘कुरेरु’मध्ये देण्याची दिशा नेहमी बोलणाऱ्याकडे असते. देणारा मानाचा असेल तर ‘कुरेरु’चे ‘कुदासारु’ होते आणि ‘मोराउ’चे ‘इतादाकु’.

‘इतादाकु’चा मूळ अर्थ डोक्यावर धरणे. प्रसाद हाती आला की आपण कपाळाला लावतो, ती कृती डोळ्यांसमोर आणावी. जेवणाआधी म्हणतात तो ‘इतादाकिमास’ हाच, आणि तो रांधणाऱ्याइतकाच ताटातल्या जिवांनाही उद्देशून असल्याचे मुलांना शिकवले जाते. जेवणानंतरच्या ‘गोचिसोसामा’मधल्या ‘चिसो’चा अर्थ धावाधाव: पाहुण्यासाठी जिन्नस जमवताना यजमानाची झालेली.

आभार एकदाच मानून भागत नाही. कोणी जेवू घातले, तर त्याच वेळी, आणि पुढच्या भेटीत पुन्हा ‘परवाबद्दल आभारी आहे’ असे आठवणीने म्हणावे लागते. ते राहिले तर विसरभोळेपणा म्हणून कोणी सोडून देत नाही.

शब्दांपलीकडचा मोठा व्यवहार भेटींचा. उन्हाळ्यात ‘ओचूगेन’ आणि डिसेंबरात ‘ओसेइबो’ अशा दोन हंगामी भेटी वरिष्ठ, शिक्षक, डॉक्टर, लग्न जमवणारे यांना पाठवतात. मिळालेल्या भेटीची परतफेड ती ‘ओकाएशी’. अंत्यविधीला आलेल्यांनी पाकिटातून दिलेल्या पैशांच्या साधारण निम्म्या किमतीची वस्तू ४९ दिवसांनंतर परत पाठवतात. ती बहुधा चहा किंवा साबण अशी वापरून संपणारी, कारण दुःखाची खूण घरात राहू नये. ही देवघेव अनेकांना आता जाचक वाटते, आणि बऱ्याच कंपन्यांनी कर्मचाऱ्यांमधल्या अशा भेटी बंद केल्या आहेत. टिप ठेवण्याची पद्धत मात्र जपानात नाही.

२३ नोव्हेंबरची सुट्टी १९४८ पासून ‘श्रमाप्रती कृतज्ञता दिन’ म्हणून पाळली जाते; त्याच तारखेला पूर्वी ‘नीनामे’ उत्सवाची सुट्टी असे; या उत्सवात सम्राट नवा तांदूळ देवांना अर्पण करतो.

कृतज्ञतेचा हक्क निर्जीव वस्तूंनाही आहे. झिजलेले कुंचले, जुन्या बाहुल्या यांचे देवळांत ‘कुयो’ करतात. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘पूजना’साठी योजलेला हाच शब्द. यांतला सर्वांत देखणा विधी सुयांचा, ‘हारी-कुयो’. तोक्योच्या आसाकुसा भागातल्या सेन्सो-जी मंदिराच्या आवारात ८ फेब्रुवारीला, तर पश्चिम जपानात अनेक ठिकाणी ८ डिसेंबरला, शिवणकाम करणाऱ्या बायका मोडक्या, गंजक्या सुया घेऊन येतात आणि तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या मऊ पनीराच्या, मोठ्या वडीत त्या एकेक करून खोचतात. आयुष्यभर जाड कापडातून गेलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी, म्हणून तोफू.