भत्ता थांबला तरी मेडिकेअर का थांबत नाही?

अमेरिकेत १९६५ साली आलेले मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मुळात ६५ वर्षांवरील लोकांसाठी होते. अपंगत्वामुळे सोशल सिक्युरिटी या सरकारी यंत्रणेचा भत्ता मिळणाऱ्यांना त्यात जागा मिळाली ती जुलै १९७३ पासून, तीही भत्त्याचे २४ महिने भरल्यावर. मेख इथेच होती. मेडिकेअरचे कार्ड भत्त्याला बांधलेले आणि भत्ता ‘काम होत नाही’ या अटीला. नोकरी धरली की भत्ता जाणार आणि त्यामागून कार्डही. सतत उपचार लागणारा माणूस मग नोकरीच नाकारायचा. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

ही गाठ एकदम सुटली नाही. १९८० च्या दुरुस्तीने भत्त्यानंतरही मेडिकेअर काही काळ चालू ठेवले. गरजूंच्या एसएसआय भत्त्याबरोबर येणारे मेडिकेड (गरिबांसाठीचा, राज्यांमार्फत चालणारा सरकारी आरोग्य विमा) कमाई वाढल्यावरही टिकवणारे कलम १६१९(बी) त्याच वेळी प्रायोगिक म्हणून आले आणि १९८७ पासून कायम झाले. मोठी उडी मात्र डिसेंबर १९९९ च्या ‘तिकीट टू वर्क’ कायद्याची.

आता आधी काम करून पाहायला चाचणीचे ९ महिने मिळतात. ते सलग नसले तरी चालतात, पण ६० महिन्यांच्या आत मोजले जातात. २०२५ मध्ये १,१६० डॉलरहून जास्त कमाईचा महिना त्यात धरला जाई. त्यानंतर किमान ९३ महिने, म्हणजे पावणेआठ वर्षे, रुग्णालयाचा ‘भाग ए’ बिनहप्त्याचा राहतो. अट एकच: वैद्यकीयदृष्ट्या अपंगत्व कायम हवे. फेरतपासणीत ‘सुधारणा’ ठरली तर ही मुदत कामी येत नाही.

घोटाळा होतो तो बहुधा डॉक्टर आणि दवाखान्याच्या खर्चाच्या ‘भाग बी’मध्ये. त्याचा हप्ता (२०२५ साली बहुतेकांना महिना १८५ डॉलर) भत्त्यातून परस्पर कापला जातो. भत्ता थांबला की तीन महिन्यांचे बिल टपालाने घरी येते. ते जाहिरात समजून बाजूला पडले की विमा बंद, आणि पुन्हा घेताना दंडाची टांगती तलवार. नोकरीतूनही विमा मिळत असेल तर मालकाकडे किती माणसे आहेत ते विचारावे. १०० किंवा जास्त असतील तर आधी मालकाचा विमा पैसे देतो, मेडिकेअर नंतर. दवाखान्याला हे सांगितले नाही तर बिले परत येतात.

मेडिकेडवाल्यांची अडचण वेगळी. एसएसआयची रक्कम शून्यावर आली की राज्याचे कार्यालय कधीकधी फाइलच बंद करते. अशा वेळी १६१९(बी)चा दर्जा सोशल सिक्युरिटीकडून लेखी घेऊन दाखवावा. कमाईची मर्यादा राज्यागणिक बदलते. एकट्या माणसाच्या शिलकीची २,००० डॉलरची मर्यादा मात्र १९८९ पासून तसूभर हललेली नाही.