भाडे वाचणारा बॉट आणि जागा अडवणारा बॉट

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाल्यापासून ऐरोली, वाशी किंवा ठाण्यात राहणाऱ्या माणसाला तिकीट काढण्यापूर्वी दोन विमानतळांची भाडी ताडून पाहता येतात. हेच काम संगणकाचा आपोआप चालणारा प्रोग्राम, म्हणजे बॉट, दिवसरात्र करू लागला, की त्याला फेअर स्क्रेपिंग म्हणतात. बॉटचा विषय निघाला की त्याच नावाखाली आणखी एक प्रकार सर्रास मोडला जातो: सीट स्पिनिंग, म्हणजे पैसे न भरता जागा अडवून ठेवणे. दोन्हींची सुरुवात तिकिटांच्या शोधापासून होते. पुढे मात्र साम्य फारसे उरत नाही.

स्क्रेपिंग करणारा बॉट फक्त वाचतो. त्यामागे भाड्यांची तुलना करणारे संकेतस्थळ असेल, प्रतिस्पर्धी कंपनी असेल किंवा परवानगीविना तिकिटे विकणारा मध्यस्थ असेल. नुसत्या वाचण्याने काय बिघडते, असे वाटू शकते. पण विमानाचे भाडे हे आधी छापून ठेवलेले दरपत्रक नसते. प्रत्येक शोधासाठी आरक्षण प्रणालीला उपलब्ध जागा आणि भाडे नव्याने तपासावे लागते, आणि त्या प्रणालीच्या वापराचा खर्च अनेकदा शोधांच्या संख्येवर ठरतो. म्हणूनच एका तिकिटामागे किती शोध झाले, हे गुणोत्तर कंपन्या बारकाईने पाहतात. ते एकाएकी फुगले आणि विक्री तेवढीच राहिली, तर स्क्रेपिंगचा संशय घ्यायला हरकत नाही.

सीट स्पिनिंग म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यासारखे, फक्त इथे रुमाल टाकणारा गाडीत चढतच नाही. बॉट खोट्या प्रवाशांची नावे भरून पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचतो, जागा काही मिनिटांसाठी राखली जाते, मुदत संपली की सुटते आणि बॉट ती पुन्हा धरतो. एकाच विमानातील जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागलेल्या असल्याने स्वस्त गटातील जागा अशा अडकल्या, की खऱ्या ग्राहकाला वरच्या गटाचे भाडे दिसते. शिवाय विमान सुटेपर्यंत जागा अडकून राहिली, तर तिचे उत्पन्न कायमचे बुडते. त्यामुळे दोघांत हा प्रकार मला अधिक घातक वाटतो. तो शोधांच्या आकड्यांत मात्र फारसा उमटत नाही. राखलेल्या पण पैसे न भरलेल्या आरक्षणांची नोंद तपासली, तरच सापडतो. ओवॅस्प या सुरक्षा संस्थेच्या वर्गीकरणातही स्क्रेपिंगला ओएटी-011 आणि जागा अडवण्याला ओएटी-021 असे स्वतंत्र क्रमांक आहेत.

उपायही त्यामुळे वेगळे पडतात. वाचणाऱ्या बॉटसाठी शोधांच्या वेगावर मर्यादा घालणे, थोड्या वेळापूर्वीची साठवलेली भाडी दाखवणे आणि विश्वासू भागीदारांना अधिकृत एपीआय (थेट प्रणालीतून माहिती घेण्याची सोय) देणे उपयोगी ठरते. अडवणाऱ्या बॉटपुढे साठवलेली भाडी निरुपयोगी. तिथे राखण्याची मुदत कमी करावी लागते, एका खात्यावरून किंवा उपकरणावरून किती जागा धरता येतील हे ठरवावे लागते. सरसकट प्रत्येक पानावर कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे हे तपासणारे कोडे, लावण्याचा मोह आवरलेला बरा, कारण त्याने बॉटपेक्षा लोकलमध्ये उभ्याने तिकीट काढणारा माणूसच आधी कंटाळतो.

कायद्याच्या दृष्टीने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चे कलम 43 विनापरवानगी माहिती उतरवून घेणे आणि अधिकृत व्यक्तीचा प्रवेश रोखणे या दोन्हींचा उल्लेख करते. तरी सर्वांना खुली असलेली भाडी वाचण्याबद्दल जगभर वाद आहेत. खोट्या नावांनी जागा अडवण्याचे समर्थन सहसा कोणी करत नाही.

एक जागा मात्र खरोखर धूसर आहे. काही संकेतस्थळांवर सर्व शुल्कांसह अंतिम रक्कम जागा राखल्यानंतरच दिसते. तिथे केवळ रक्कम वाचायला आलेला बॉटही नकळत जागा अडवून जातो, आणि त्याला रोखण्यापेक्षा कंपनीने पूर्ण रक्कम एक पान अलीकडे आणणे अधिक स्वस्त पडते.