जाळी आज, की वजन उतरल्यावर?

बेंबीशी हर्नियाचा, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर आलेला, लिंबाएवढा फुगवटा घेऊन सव्वाशे किलोचा माणूस सर्जनकडे जातो आणि ‘आधी वजन उतरवा, मग बघू’ हे ऐकून घरी येतो. दोन वर्षांनी पुन्हा जातो तेव्हा वजन तेवढंच असतं, फुगवटा मोसंब्याएवढा झालेला असतो. सल्ला चुकीचा नव्हता. पोटात चरबी दाटली की आतला दाब कायम चढा राहतो आणि शिवलेली भिंत रोज थोडी थोडी ताणली जाते. फक्त तो सल्ला पाळायची सोय रुग्णाजवळ नसायची. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेने ती सोय केली आणि लगेच पुढचा प्रश्न उभा केला : पोटात दुर्बीण घातलेलीच आहे, तर भोकही आत्ताच जाळीचं ठिगळ लावून बुजवायचं का?

(हर्निया म्हणजे इथे बेंबीचा किंवा जुन्या टाक्यांच्या जागचा. जांघेतला अंतर्गळ नव्हे, आणि बायपासनंतर, म्हणजे वजन घटवायला जठर लहान करून आतडं त्याला थेट जोडल्यावर, आतल्या आतच आतडं अडकतं तो ‘अंतर्गत हर्निया’ही नव्हे. नाव एकच असल्याने फाइल वाचताना नातेवाईक हमखास गोंधळतात.)

गंमत अशी, की सुरुवातीला हर्निया ही लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचीच देणगी होती. १९६० च्या दशकात अमेरिकेत जठराचा बायपास सुरू झाला तो पोटावर लांब उभी चीर देऊन. व्हर्जिनियातल्या एका गटाने १९९६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा अशा रुग्णांत साधारण वीस टक्क्यांना चिरेच्या जागी हर्निया झालेला निघाला. स्टिरॉइडवर असलेल्या, म्हणजे जखम उशिरा भरणाऱ्या रुग्णांत मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर हेच प्रमाण चार टक्के होतं. १९९४ मध्ये दुर्बिणीतून बायपास झाल्याची नोंद आली, चिरा बोटभर झाल्या आणि सर्जनच्या हातून घडणारे हर्निया घटले. उरले ते रुग्ण आधीच घेऊन येतो ते.

जाळीचा इतिहास समांतर चालला होता. नेदरलँड्समधल्या एका चाचणीने २००० मध्ये दाखवलं, की चिरेच्या जागचा हर्निया नुसत्या टाक्यांनी शिवला तर तीन वर्षांत ४३ टक्क्यांचा परत येतो, जाळी बसवली तर २४ टक्क्यांचा. म्हणजे जाळी हवीच. पण ज्या शस्त्रक्रियेत जठर आणि आतडं उघडायचं, तिथे ही परकी वस्तू ठेवायची कशी? जंतू जाळीत शिरले की प्रतिजैविकं पुरत नाहीत, बऱ्याचदा जाळीच काढावी लागते. त्यामुळे बहुतेकांनी सोयीचा मार्ग धरला : हर्नियाला हात लावायचा नाही, वर्ष-दीड वर्षाने वजन स्थिरावलं की बघू.

या ‘बघू’ला पहिला मोठा धक्का बसला २००४ मध्ये. अमेरिकेतल्या एका गटाने दुर्बिणीतून बायपास केलेल्या ८५ हर्निया-रुग्णांचा अनुभव मांडला. ५९ जणांचा हर्निया नुसता शिवला होता, त्यातल्या २२ टक्क्यांचा परत आला. १२ जणांना डुकराच्या आतड्यापासून केलेली जैविक जाळी लावली होती, त्यांच्यात एकाचाही परत आला नाही. उरलेल्या १४ जणांचा हर्निया मागे ठेवला होता. त्यातल्या ५ जणांचं आतडं भोकात अडकलं.

चौदा माणसं म्हणजे काही फार नाहीत. कुणाला कुठल्या गटात टाकायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, आणि बारा जणांवरून जैविक जाळीचा जयघोष करणंही धाडसाचं होतं. टीकाकारांचं एवढं म्हणणं रास्तच होतं. तरी आकडे बाजूला ठेवून टेबलावर काय दिसतं ते पाहावं. दुर्बीण आत गेली की भोकात आतड्यांवरचा चरबीचा पदर, म्हणजे ओमेंटम, घट्ट रुतून बसलेला दिसतो. बाटलीला बूच असावं तसा. तो तिथे आहे म्हणून आतडं तिथे नाही. बायपाससाठी आतड्याचा वळसा वर जठरापर्यंत न्यायचा तर हा पदर आधी वर उचलावा लागतो, म्हणजे भोकातून ओढून सोडवावाच लागतो. बूच निघालं, भोक तसंच राहिलं, आणि रुग्ण पहिल्या आठवड्यात उलट्यांनी पोटाला हिसके देतो आहे. ‘हात लावला नाही’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे बहुधा हात लागलेला असतो.

स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी उरवणारी शस्त्रक्रिया, आली तेव्हा हे चित्र बदलायला हवं होतं. ते बदलायला वेळ लागला, आणि त्याला एक शब्द कारणीभूत होता असं माझं मत आहे. जखमांच्या वर्गवारीत ‘स्वच्छ-दूषित’ असा एक वर्ग आहे : पचनमार्ग उघडला, पण नियंत्रणात. बायपासही त्यातच बसतो आणि स्लीव्हही. बायपासमध्ये आतडं उघडून सांधे करतात. स्लीव्हमध्ये स्टेपलर कापतानाच दोन्ही कडा बंद करतो, आणि कापलेला तुकडा पिशवीत घालून बाहेर काढता येतो. एका वर्गात टाकल्यामुळे बायपासची भीती स्लीव्हला आयती चिकटली. शिवाय स्लीव्हसाठी जठराच्या बाहेरच्या वळणालगतचाच पदर सुटा करावा लागतो, भोकातलं बूच जागेवर ठेवता येतं. त्यामुळे थांबणंही इथे तुलनेने कमी धोक्याचं. पुढे तमिळनाडूतून, आपल्याकडच्याच रुग्णांवर, एकाच वेळी वजनाची शस्त्रक्रिया आणि कृत्रिम जाळी असे अनुभव प्रसिद्ध झाले तेव्हा चर्चेचा सूर जरा सैल झाला.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन शल्यसंघटनांनी संयुक्त भूमिका घेतली. दोन्ही कामं दुर्बिणीतून होण्यासारखी असतील तर एकत्र करणं सुरक्षित असू शकतं. हर्निया अवाढव्य, गुंतागुंतीचा असेल तर आधी वजन, मग भिंत. दुसऱ्या वाक्यावर फारसं कुणी भांडत नाही. निम्मी आतडी पिशवीत राहायला गेली असतील तर ती परत आत ढकलण्याएवढी जागा तरी पोटात हवी. वाद उरला आहे तो मधल्या आकाराच्या भोकांचा.

भारतात या वादाला पैशाची बाजू आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या अटींनुसार लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. त्या आजारांच्या यादीत हृदयविकार आहे, झोपेतला श्वासरोध आहे, आटोक्यात नसलेला मधुमेह आहे. हर्निया नाही. हर्नियासाठी बऱ्याच पॉलिसींत वेगळा, साधारण दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. त्यामुळे ‘एकदम की टप्प्याने’ हे कधी कधी ओमेंटमपेक्षा पॉलिसीच्या तारखेवर ठरतं.

आता २०२५ पासून टिर्झेपटाईड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाईड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात मिळू लागली आहेत. ‘आधी वजन उतरवा’ हा जुना सल्ला सुईने पाळता येईल, अशी आशा हर्निया करणाऱ्या सर्जनना आहे, आणि ती वावगी नाही. मात्र पोटातली चरबी उतरते तेव्हा भोकात बसलेलं बूचही बारीक होऊ शकतं, मग ती शस्त्रक्रियेने उतरो की इंजेक्शनने. बायपासच्या रुग्णावर निदान सर्जनची नजर असते. दर आठवड्याला पेन टोचून घेणाऱ्याच्या बेंबीकडे कोण बघतं?